मुक्या जिवांच्या समजुती

भाषा नसलेल्या प्राण्याला काही 'वाटते' असे म्हणता येते का, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी शतकानुशतके लढवला असला तरी रोजच्या व्यवहारात तो केव्हाच सुटलेला आहे. कारण गुरे राखणारा, कुत्रा पाळणारा किंवा वानरांपासून परसातली केळी वाचवणारा माणूस त्या जनावराला काय कळले आहे, त्याला काय हवे आहे आणि ते कशाला फसेल याचा हिशेब सतत मांडत असतो आणि तो हिशेब पुष्कळदा बरोबरही निघतो. रायगड जिल्ह्यातील सुधागड तालुक्याचे मुख्य ठाणे असलेली पाली, तिच्या डोक्यावरचा सरसगड, बाजूने वाहणारी अंबा नदी आणि भोवतालची भातखाचरे या मुलखात तर माणसाचा आणि जनावराचा शेजार इतका जवळचा आहे की, त्यांना मन आहे की नाही अशी शंका काढणाराच तेथे चमत्कारिक ठरेल. तरीही व्यवहारात उपयोगी पडणारी भाषा सत्य असतेच असे नाही. 'पाऊस आज रुसला आहे' असे म्हणणारा शेतकरी पावसाला मन असते असे मानत नाही. मग 'बैलाला वाटले की आता घरी जायचे' हे वाक्य त्याच जातीचे आहे की त्याहून वेगळे, एवढेच ठरवायचे आहे.

त्यासाठी प्रथम 'समजूत' या संज्ञेचा अर्थ नक्की करावा लागतो. समजूत म्हणजे जग अमुक प्रकारचे आहे असे मनाने धरणे, आणि तिचे मुख्य लक्षण असे की ती खोटी ठरू शकते. भूक, वेदना, भीती या मनाच्या अवस्था आहेत, परंतु भूक 'चुकीची' नसते. उलट, रांजणात पाणी आहे ही समजूत रांजण रिकामा निघाला की चुकीची ठरते. अशा समजुती एकमेकींशी जोडून त्यांतून नवी समजूत काढणे किंवा पुढची कृती ठरवणे, याला 'विचार' म्हणता येईल. जनावरांना भूक, वेदना आणि भीती असते याविषयी आज गंभीर वाद उरलेला नाही. वाद आहे तो खोटी ठरू शकणाऱ्या या दुसऱ्या प्रकारच्या अवस्थेविषयी.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचे एक अत्यंत नेमके उदाहरण जेथे शोधायला कोणी सहसा जाणार नाही अशा ठिकाणी आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवर लिहिलेल्या भाष्याच्या प्रस्तावनेत, म्हणजे 'अध्यासभाष्य' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात, हातात काठी उगारून येणाऱ्या माणसाला पाहून गुरे पळू लागतात, कारण हा आपल्याला मारणार असे त्यांना वाटते, आणि तोच माणूस ओंजळभर हिरवे गवत घेऊन आला तर ती त्याच्याकडे वळतात, असे वर्णन येते. येथे गुराच्या वागण्यामागे केवळ काठीचा रंग किंवा आकार नाही, तर ती धरणाऱ्याच्या हेतूविषयीचा एक निष्कर्ष आहे, असे आचार्य सहज, जणू वादाचा विषयच नाही अशा रीतीने सांगून जातात. त्यांचा मुद्दा मात्र गुरांची थोरवी गाण्याचा नाहीच. तलवार उपसून ओरडत येणाऱ्या बलदंड माणसाला पाहून शहाणासुरता मनुष्यही तसाच मागे फिरतो. तेव्हा जाणण्याच्या आणि वागण्याच्या या रोजच्या व्यवहारात माणूस पशूपेक्षा वेगळा नाही, आणि पशूचा व्यवहार अविवेकावर उभा आहे हे सर्वांनाच मान्य असल्यामुळे माणसाचाही तसाच मानावा लागतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आधुनिक काळात या विषयावर लिहिणारे बहुतेक लेखक माणसापासून आरंभ करून जनावर त्याच्या किती पायऱ्या खाली उभे आहे हे मोजत बसतात. आचार्यांनी तीच तुलना उलट्या टोकाने केली, आणि पुढील विवेचनाला ती दिशाच अधिक उपयोगी पडते. माणसाच्या दिवसभरातील समजुतींचा फार मोठा भाग, म्हणजे उंबरठा नेहमीच्या जागी आहे, पायरी वजन पेलेल, समोरून येणारी म्हैस वाट सोडणार नाही अशा सगळ्या गोष्टी, तो शब्दांत कधीच मांडत नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला भर्तृहरी उभा आहे. पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या या व्याकरणकाराने 'वाक्यपदीय' या ग्रंथात असे मत मांडले की शब्दाचा अनुगम, म्हणजे शब्दाची साथ, नसलेले ज्ञान जगात असतच नाही. हे मत स्वीकारले तर मुक्या प्राण्यांचे काय, ही अडचण लगेच उभी राहते आणि भर्तृहरीने ती टाळलेली नाही. वसंतात कोकिळाचा स्वर कोण बदलतो आणि पक्ष्यांना व इतर जीवांना घरटी बांधायला कोण शिकवते, असा प्रश्न त्याने स्वतःच विचारला आणि 'प्रतिभा' हे त्याचे उत्तर दिले. प्रतिभा म्हणजे काय करावे याचे, कोणी न शिकवता आतून उमटणारे, तात्काळ भान. आणि ते भान मागील जन्मांतील शब्दसंस्कारांतून येते असे सांगून त्याने आपला मूळ सिद्धांतही शाबूत ठेवला. पूर्वजन्माचा भाग बाजूला ठेवला तर आजचे जीवशास्त्र ज्याला उपजत प्रवृत्ती म्हणते तिच्या फार जवळ तो पोहोचला होता.

भर्तृहरीच्या घरट्याच्या प्रश्नाची तपासणी रायगडच्याच किनाऱ्यावर झाली, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे. डॉ. सालिम अली जर्मनीतील शिक्षण संपवून १९३० मध्ये परतले, तेव्हा हाताला नोकरी नसल्यामुळे ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहू लागले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. त्यावरील त्यांचा निबंध १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घरटे विणतो तो नर. तो ते अर्धवट अवस्थेपर्यंत आणतो, मग माद्या येऊन ही अर्धी घरटी पारखतात, एखादी मादी एखादे पसंत करून त्यात बिऱ्हाड थाटते, आणि त्यानंतर नर ते पूर्ण करून दुसऱ्या घरट्याच्या कामाला लागतो, असा क्रम त्यांच्या निरीक्षणातून स्पष्ट झाला. विणण्याचे कसब पाहून थक्क होणाऱ्याला सुगरणीच्या ठायी मोठी बुद्धी दिसते, परंतु समजुतीचा शोध घेणाऱ्याने विणकामापेक्षा पारखणाऱ्या मादीकडे लक्ष द्यावे. गुंतागुंतीचे काम बिनचूक करणे हा समजुतीचा पुरावा नव्हे, कारण ते काम परिस्थिती बदलली तरी तसेच चालू राहू शकते. फ्रेंच कीटकनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र यांनी बीळ खोदणाऱ्या एका गांधीलमाशीचे असे वर्णन केले आहे: पकडून आणलेला रातकिडा बिळाच्या तोंडाशी ठेवून ती आत जाऊन पाहणी करते, आणि तेवढ्यात कोणी तो किडा थोडा दूर सरकवला तर ती पुन्हा तो तोंडाशी आणून पुन्हा आत पाहणी करते, आणि हे जितक्या वेळा करावे तितक्या वेळा चालते. जेथे नव्या माहितीने वागणे बदलत नाही, तेथे समजूत आहे असे म्हणायला आधार उरत नाही.

भर्तृहरीच्या मताला परंपरेतूनच मिळालेले सर्वांत धारदार उत्तर बौद्ध तर्कशास्त्रात आहे. इंद्रियांना वस्तूचा जो पहिला, नावाशिवायचा स्पर्श होतो ते निर्विकल्प ज्ञान, आणि त्याच वस्तूला 'ही गाय आहे' असे वर्गात बसवणारे ते सविकल्प ज्ञान, असा भेद या शास्त्रात केला जातो. सातव्या शतकातील धर्मकीर्तीने विकल्पाची व्याख्या करताना शब्दाशी जोडले गेलेले ज्ञान असे न म्हणता शब्दाशी जोडले जाण्यास योग्य असे ज्ञान, अशी काळजीपूर्वक रचना केली. योग्यता पुरेशी आहे, प्रत्यक्ष शब्द हजर असण्याची गरज नाही, एवढाच तो फरक. पण त्याने भाषा न येणाऱ्या सर्व जीवांसाठी दार उघडले. त्याचा टीकाकार धर्मोत्तर याने तान्ह्या मुलाचे उदाहरण घेतले: समोर दिसणारा स्तन हा पूर्वी अनुभवलेलाच आहे असे ओळखल्याखेरीज मूल रडणे थांबवून तोंड लावणार नाही, म्हणजे एकही शब्द न शिकलेल्या त्या मुलाच्या ठिकाणी 'हा तोच' अशी जोडणी झालेली असते. वासराचे नाव धर्मोत्तराने घेतले नाही, पण गोठ्यातील दृश्य याहून वेगळे नसते.

विसाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला तो एका कुत्र्यामुळे. अमेरिकी तत्त्वज्ञ नॉर्मन माल्कम यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी मांजराचा पाठलाग करणाऱ्या आणि भलत्याच झाडाखाली भुंकत राहणाऱ्या कुत्र्याचे उदाहरण दिले आणि डोनाल्ड डेव्हिडसन यांनी १९८२ च्या एका निबंधात त्याची कसून चिकित्सा केली. प्रसंग पालीच्या बाजारपेठेतला मानला तरी बिघडत नाही: मांजर फणसावर चढले, कुत्रा शेजारच्या आंब्याच्या बुंध्याशी भुंकत आहे, आणि पाहणारा म्हणतो, 'मांजर आंब्यावर गेले असे त्याला वाटते आहे.' डेव्हिडसन यांची पहिली हरकत अशी की, आंबा म्हणजे काय, झाड म्हणजे काय, ते वाढते, मोहरते, तोडता येते या शेकडो इतर समजुती असल्याखेरीज आंब्याविषयीची एक समजूत एकटी असू शकत नाही, आणि कुत्र्याच्या ठिकाणी हे जाळे आहे असे मानायला आधार नाही. हरकतीचा दुसरा भाग अधिक सूक्ष्म आहे. बल्लाळेश्वर आणि पालीचा गणपती हे एकच दैवत असले तरी एखाद्या परक्या प्रवाशाला बल्लाळेश्वराचे देऊळ नदीजवळ आहे हे ठाऊक असेल आणि पालीचा गणपती कोठे आहे हे ठाऊक नसेल, म्हणजे एकाच वस्तूविषयी असूनही त्या दोन वेगळ्या समजुती ठरतात. माणसाच्या बाबतीत हा फरक विचारून उलगडतो. कुत्र्याला झाड 'आंबा' म्हणून दिसते, की 'सावलीची जागा' म्हणून, की 'मांजराचा वास येणारे उभे काहीतरी' म्हणून, हे ठरवण्याचे साधनच नाही.

ही हरकत वजनदार आहे, परंतु ती जे सिद्ध करते ते तिच्या कर्त्याला हवे होते त्याहून कमी आहे. कुत्र्याच्या मनातील आशय, म्हणजे त्याच्या समजुतीत नेमके काय सामावले आहे ते, मराठी वाक्यात चपखल बसत नाही, एवढेच तिच्यातून निघते. आशयच नाही असे निघत नाही. आंबा या संकल्पनेचा कुत्र्याला पत्ता नसेल, पण झाडांच्या, वासांच्या आणि मांजराच्या पळवाटांच्या त्याच्या स्वतःच्या जाळ्यात ती जागा कोठेतरी बसलेली असते, आणि ते जाळे कसे विणलेले आहे हे वाक्यांनी नव्हे तरी प्रयोगांनी तपासता येते.

तपासताना फसगत कशी होते हे महाराष्ट्राला जर्मनीकडून शिकण्याची गरज नव्हती. दारोदार फिरणाऱ्या नंदीवाल्याचा सजवलेला बैल 'यंदा पाऊस पडेल का?' या प्रश्नाला मान डोलावतो आणि प्रश्न त्याला कळला असे कोणी गंभीरपणे मानत नाही. बैल मालकाच्या इशाऱ्याला उत्तर देतो हे लहान मुलांनाही ठाऊक असते, म्हणूनच विचार न करता होकार देणाऱ्याला नंदीबैल म्हणतात. बर्लिनमध्ये मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी 'हुशार हान्स' नावाच्या घोड्याने खूर आपटून बेरजा सोडवल्या तेव्हा जाणकार मंडळीही चकित झाली, कारण त्याचा मालक खरोखरच कोणताही इशारा जाणूनबुजून करत नव्हता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचे गणित चुकते. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे, आणि घोडा ते टिपत असे. या प्रकरणानंतर प्राण्यांच्या बुद्धीविषयी बोलणे काही दशके जवळजवळ हास्यास्पद ठरले. घोड्याला बेरीज येत नव्हती हे खरेच, पण त्या हालचालीकडे जेथे एकाही तज्ज्ञाचे लक्ष गेले नव्हते तेथे घोड्याचे गेले होते, ही गोष्ट तेव्हा फारशी कोणाला विचारात घेण्याजोगी वाटली नाही.

म्हणून चांगल्या प्रयोगाची कसोटी अशी की, प्राण्याला दिसणारे आणि ऐकू येणारे सर्व शक्य तितके सारखे ठेवायचे आणि ज्याविषयी समजूत असावी असा संशय आहे तेवढेच बदलायचे. या कसोटीला उतरणारा, साधेपणामुळे विशेष मोलाचा ठरलेला एक प्रयोग पुण्यातील संशोधकांनी वेडा राघू या पक्ष्यावर केला. हिरव्या रंगाचा, शेपटीच्या मध्यातून दोन काड्यांसारखी पिसे निघालेला, तारेवर बसून उडते कीटक टिपणारा हा पक्षी झाडावर घरटे बांधत नाही, तर नदीकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत आडवे बीळ खोदून त्याच्या टोकाला अंडी घालतो. कोकणात जोराचा पाऊस लागण्याआधीच्या कोरड्या महिन्यांत मातीचे असे उभे काठ त्याच्या सोयीचे असतात. बिळाचे तोंड उघडे असल्यामुळे त्याची जागा शत्रूला कळणे हाच मोठा धोका, आणि जवळ कोणी धोकादायक प्राणी असला की चोचीत भक्ष्य धरलेला राघू बिळात शिरण्याचे टाळतो.

मिलिंद वाटवे हे त्या काळी पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टाळाटाळीचाच प्रयोग केला. बिळापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर माणूस दोन प्रकारच्या जागी उभा केला: एक जागा अशी की तेथून बिळाचे तोंड त्याला दिसेल, दुसरी अशी की आड काहीतरी आल्यामुळे दिसणार नाही. माणूस सारख्याच अंतरावर असल्यामुळे पक्षी केवळ त्याला घाबरत असेल तर दोन्ही वेळी त्याचे वागणे एकच असायला हवे. परंतु ज्या जागेवरून बीळ दिसत होते त्या जागी माणूस असताना राघू आत शिरायला अधिक कचरत. या कामावरील पहिला निबंध १९९९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला, आणि वेड्या राघूला मनाचा सिद्धांत आहे का, असा थेट प्रश्नच त्याच्या शीर्षकात होता. 'मनाचा सिद्धांत' म्हणजे दुसऱ्याला काय दिसते, काय ठाऊक आहे, याची अटकळ बांधण्याची क्षमता. विस्तृत निबंध २००२ मध्ये 'अ‍ॅनिमल कॉग्निशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही संज्ञा १९७८ मध्ये प्रेमॅक आणि वुडरफ यांनी चिंपांझीसाठी वापरली होती आणि पुढची वीस वर्षे तो वाद प्रामुख्याने वानरकुळाभोवतीच फिरत राहिला होता. मुठीत मावेल एवढ्या पक्ष्याकडे तो प्रश्न नेणे हे त्या काळी धाडसच होते.

अर्थात येथेही एक सोपे स्पष्टीकरण उरते. राघूला 'याला बीळ दिसते' असे वाटत नसेल, तर बिळाच्या तोंडाशी उभे राहिले असता सरळ रेषेत डोळे दिसणे हे धोक्याचे चिन्ह म्हणून त्याने शिकून घेतले असेल, किंवा ते उपजतच असेल. परंतु पक्षी निर्णय घेतो तेव्हा तो बिळाच्या तोंडाशी नसतो, फांदीवर किंवा तारेवर असतो. स्वतःच्या जागेवरून नव्हे तर माणसाच्या जागेवरून काय दिसेल याच्याशी त्याचे वागणे जुळते. हे जुळणे कोणत्याही यंत्रणेने साधलेले असो, त्यात जगाची अशी एक मांडणी आहे जी चुकू शकते, आणि समजुतीचे जे लक्षण आरंभी सांगितले ते याहून फार वेगळे नाही. 'खालच्या पायरीच्या कारणाने भागत असेल तर वरच्या पायरीचे मन मानू नये' हा लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये घालून दिलेला नियम उत्तम आहे, मात्र सर्व चिन्हे, सर्व जागा आणि सर्व अपवाद यांची यादी वाढवत नेऊन उभे केलेले 'सोपे' कारण काही वेळाने सोपे राहत नाही.

इतर ठिकाणच्या प्रयोगांनी हे चित्र अधिक भरीव केले आहे. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये कावळ्याच्या कुळातील स्क्रब जे या अमेरिकी पक्ष्यांना नाशवंत अळ्या आणि टिकाऊ शेंगदाणे लपवू दिले. ४ तासांनी पक्षी आवडत्या अळ्यांकडे जात, पण १२४ तासांनंतर, अळ्या सडून जातात हे एकदा अनुभवलेले पक्षी सरळ शेंगदाण्यांकडे वळत. काय लपवले, कोठे आणि किती वेळापूर्वी, या तिन्ही गोष्टी त्यांच्या ठिकाणी एकत्र बांधलेल्या होत्या. २००१ मधील पुढच्या एका प्रयोगात असेही दिसले की, लपवताना दुसरा पक्षी पाहत होता हे लक्षात असलेले जे पक्षी स्वतः पूर्वी चोरी करून चुकले होते, तेच नंतर एकांत मिळताच आपला साठा नव्या जागी हलवत. चोराच्या मनात चांदणे, या म्हणीला इतका अनपेक्षित आधार क्वचितच मिळाला असेल.

तरीही भाषेखेरीज जे साधत नाही त्याचा प्रदेश मोठा आहे. मालक दाराशी आला असे कुत्र्याला वाटू शकेल, पण तो परवा येईल असे वाटू शकेल का, असा प्रश्न विटगेनस्टाईन यांनी विचारला होता. पालीच्या देवळाबाहेरच्या कुत्र्यांना गर्दी जमू लागली की खायला मिळेल हे कळते. माघ शुद्ध चतुर्थीची यात्रा पुढच्या वर्षीही याच तिथीला भरेल हे कळण्यासाठी तिथी, महिना, वर्ष ही मोजणीची चौकट लागते, आणि ती चौकट शब्दांनीच उभी राहते. 'पाऊस पडला नसता तर' असा घडून न गेलेल्या गोष्टीचा विचार, न पाहिलेल्या पूर्वजाविषयीची समजूत, एखादे मत खरे आहे की नाही याविषयीचा वाद हे सारे त्याच प्रदेशात येते. मुक्या जिवांच्या समजुती असल्याच तर त्या येथे आणि आता या आसाभोवती, थोड्या मागच्या आणि थोड्या पुढच्या काळात पसरलेल्या असतात, असे मानणे आजच्या पुराव्याला धरून आहे.

डेव्हिडसन यांचा शेवटचा आणि सर्वांत कठीण युक्तिवाद मात्र अजून उरतो. समजूत असण्यासाठी समजूत चुकू शकते याची जाणीव हवी, आणि खरे-खोटे हा भेद दुसऱ्याशी बोलल्याखेरीज मनात उभाच राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रॉबर्ट हॅम्प्टन यांनी २००१ मध्ये दोन रीसस माकडांवर केलेला प्रयोग या दाव्याच्या मुळाशी जाणारा आहे. माकडाला एक चित्र दाखवले जाई, मग काही काळ थांबून, आठवणीची परीक्षा द्यायची की नाही हे माकडानेच निवडायचे. परीक्षा देऊन बरोबर चित्र ओळखले तर आवडता शेंगदाणा मिळे, चुकले तर काहीच नाही, आणि परीक्षा नाकारली तर कमी आवडीचे पण हमखास खाणे. ही निवड उत्तराचे पर्याय समोर येण्याआधी करायची असल्यामुळे पर्याय अवघड आहेत हे पाहून नकार देणे माकडाला शक्य नव्हते. जेव्हा माकडांनी स्वतःहून परीक्षा स्वीकारली तेव्हा ती सक्तीच्या परीक्षेपेक्षा अधिक वेळा बरोबर ठरली. आणि मुळात चित्र दाखवलेच नव्हते तेव्हा त्यांनी परीक्षा अधिक वेळा नाकारली. आपल्याला आठवते आहे की नाही याचा काहीतरी पत्ता त्यांना लागत होता.

हा पत्ता म्हणजे 'मला आठवत नाही' अशी समजूत, की केवळ पुसट आठवणीतून येणारी एक अस्वस्थता, हा वाद चालू आहे. पण तो माकडाच्या विरुद्ध निकालात काढण्याआधी माणसाकडेही तेवढ्याच कठोरपणे पाहावे लागेल. एखाद्या ओळखीच्या माणसाचे नाव जिभेवर असून ओठांवर येत नाही, दुसऱ्याने चुकीचे नाव सुचवले की 'हे नव्हे' असे तत्काळ कळते आणि बरोबर नाव सुचवताच 'हेच' असेही कळते. आपल्याला ते ठाऊक आहे ही त्या वेळची समजूत अगदी पक्की असते, आणि नेमका तो शब्दच तेवढ्या वेळापुरता तिच्यात नसतो.